यंत्र शिकागोचे, पाणी पूर्णाकाठचे

१/ जोसेफिन कॉक्रन यांना भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट १८८६ मध्ये मिळाले. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात ते यंत्र झळकले.

२/ वऱ्हाडात या यंत्राची गाठ खारपाणपट्ट्याशी पडते. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात भूजलच खारे आहे.

३/ जड पाण्यातील कॅल्शियम-मॅग्नेशियम यंत्रातील रेझिन धरून ठेवते; मिठाचे द्रावण त्या रेझिनला पुन्हा कार्यक्षम करते. मिठाचा कप्पा रिता राहिला की भांड्यांवर पांढरे पुट चढते.

४/ खारपाणात मात्र कप्पा भरूनही डाग उरतात, कारण सोडियमचे क्षार रेझिन काढत नाही. म्हणून यंत्र उघडण्यापूर्वी बोअरचे पाणी तपासावे. वान धरणाचे गोडे पाणी अकोट-तेल्हाऱ्याकडील नळांना पोहोचवणे, हीच येथील मूलगामी दुरुस्ती होय.