डेटाबेसवर चालणारी लहान वेब अ‍ॅप्लिकेशन्स : बांधणी आणि डिप्लॉयमेंटमधील नेहमीच्या अडचणी

डेटाबेसवर चालणारे लहान वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे ब्राउझरमध्ये दिसणारे फॉर्म व याद्या, त्यामागे प्रोग्राम आणि सर्वांत मागे माहिती साठवणारा डेटाबेस, अशी तीन थरांची व्यवस्था. क्लासची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, ग्रंथालयाची देवघेव, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट ही तिची नेहमीची कामे. सहसा एकच माणूस ती लिहितो, तोच ती सर्व्हरवर चढवतो आणि पुढे काही बिघडले की फोनही त्यालाच येतो. लिनक्स, अपाची, मायएसक्यूएल आणि पीएचपी या चौकडीने हा प्रकार सर्वांच्या आवाक्यात आणला. यांपैकी पीएचपी, मायएसक्यूएल आणि अपाची ही तिन्ही १९९५ सालची. पुढे रेल्स (२००४) आणि जँगो (२००५) या फ्रेमवर्कनी बांधणीतली बरीच हमाली कमी केली. स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर मात्र अजूनही पीएचपी-मायएसक्यूएल हीच जोडी सहज मिळते, म्हणून या नोंदीतली बहुतेक उदाहरणे तिचीच आहेत.

अशा अ‍ॅप्लिकेशनचा बराचसा त्रास मूळ तर्क चुकल्यामुळे होत नाही. लिहिणाऱ्याच्या मशीनने जे निमूट चालवून घेतले, ते सर्व्हर चालवून घेत नाही, किंवा वेगळ्या अर्थाने चालवतो, यातून तो होतो. एरर देऊन बंद पडणारी अडचण तासाभरात सापडते. पान नीट उघडते, ‘नोंद यशस्वी’ असा संदेश येतो आणि माहिती मात्र चुकीची साठवली जाते, अशी अडचण महिन्यांनी उघडकीस येते. तोवर दुरुस्तीला मूळ माहितीच उरलेली नसते. या नोंदीत दुसऱ्या जातीला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

मशीन बदलताना : विंडोजच्या लॅपटॉपवर झॅम्प बसवून लिहिलेले अ‍ॅप्लिकेशन लिनक्स सर्व्हरवर नेले की पहिला ठसका बहुधा टेबलांच्या नावांचा लागतो. विंडोजवर मायएसक्यूएल टेबलच्या नावातले कॅपिटल आणि स्मॉल अक्षर एकच मानते; लिनक्सवर ती दोन वेगळी नावे ठरतात आणि ११४६ क्रमांकाची ‘टेबल अस्तित्वात नाही’ ही एरर येते. टेबल तर समोर दिसत असते, त्यामुळे नवशिका चक्रावतो. सगळी नावे पहिल्यापासून स्मॉल अक्षरांत ठेवणे हा यावरचा सर्वांत स्वस्त इलाज. झॅम्पच्या पॅनेलवर मायएसक्यूएल असे लिहिलेले असले तरी आत बऱ्याच वर्षांपासून मारियाडीबी आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. मायएसक्यूएल ८.० मधून काढलेला डंप जुन्या मारियाडीबीत भरताना ‘अनोळखी कोलेशन’ (एरर १२७३) येते ती याच भाऊबंदकीपायी.

पीएचपीच्या जुन्या पुस्तकांतून शिकलेल्यांचा प्रोग्राम नव्या सर्व्हरवर पहिल्याच ओळीला थांबतो, कारण त्या पुस्तकांतली मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स पीएचपी ७.० (२०१५) मधून काढून टाकली आहेत. पीडीओ, म्हणजे डेटाबेसशी जोडणारी पीएचपीची दुसरी सोय, वापरणाऱ्यांची गोष्ट उलटी. पीएचपी ८.० च्या आधी पीडीओ चूक झाल्यावर गप्प राहत असे. नोंद फसली तरी प्रोग्राम पुढे सरके आणि ‘यशस्वी’चा संदेश छापून मोकळा होई. चूक झाल्यास एक्सेप्शन टाकण्याची सेटिंग ८.० पासून आपोआप लागू झाली. त्याआधीच्या सर्व्हरवर ती हाताने लावावी लागते, आणि जुन्या कोडमध्ये ती लावलेली क्वचित आढळते.

‘लोकलहोस्ट’ या पत्त्याचीही गंमत आहे. लिनक्सवर मायएसक्यूएलचा क्लायंट हा शब्द दिसला की नेटवर्कने न जाता सॉकेट फाइल शोधतो, १२७.०.०.१ लिहिले तर नेटवर्कने, म्हणजे ३३०६ या पोर्टवरून जातो. डॉकरच्या कंटेनरमध्ये लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनर स्वतः, शेजारच्या कंटेनरमधला डेटाबेस नव्हे. ‘कनेक्शन नाकारले’ या तक्रारीचे मूळ पुष्कळदा एवढेच असते.

अक्षरांचा घोळ : मराठी माहिती ठेवणाऱ्यांना सर्वांत महागात पडणारा हा भाग. मायएसक्यूएल स्वीडनमध्ये जन्मले आणि ८.० च्या आधी त्याचा ठरलेला वर्णसंच पश्चिम युरोपीय लॅटिन होता, क्रमवारीही स्वीडिश. टेबल करताना वर्णसंच सांगितला नाही तर मराठी मजकूर या संचात जाऊन पडे. त्याचे दोन परिणाम होतात आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पडद्यावर प्रत्येक अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि त्यामागे चित्रविचित्र चिन्हे दिसत असतील, तर बाइट शाबूत आहेत, फक्त चुकीच्या चष्म्यातून वाचले जात आहेत. (देवनागरीचे अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते आणि त्यांतला पहिला बाइट नेहमी एकच असतो, लॅटिन संचात तो हा रेघवाला ए.) असा मजकूर योग्य रूपांतर करून परत मिळवता येतो. टेबलातच नुसती प्रश्नचिन्हांची रांग साठलेली असेल तर मूळ अक्षरे साठवतानाच गेली. ती कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत.

वर्णसंच यूटीएफ८ ठेवला म्हणजे निभावले असेही नाही. मायएसक्यूएलमधला ‘यूटीएफ८’ हा जुना संच एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट देतो. देवनागरी त्यात बरोबर मावते, त्यामुळे अ‍ॅप्लिकेशन वर्षानुवर्षे सुखाने चालते. मग कोणी तरी अभिप्रायात ‘धन्यवाद’ लिहून पुढे हात जोडल्याची इमोजी टाकतो आणि त्यानंतर ‘पुढच्या रविवारी येतो’ असे लिहितो. इमोजीला चार बाइट लागतात. न मावणारी माहिती नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद असलेल्या सर्व्हरवर मजकूर इमोजीपाशी तोडला जातो; ‘धन्यवाद’ तेवढे साठते, रविवार गळून पडतो. यासाठी २०१० मध्ये आलेल्या ५.५.३ या आवृत्तीत यूटीएफ८एमबी४ हा संच दिला गेला आणि ८.० पासून तोच मुळात लागू असतो. या बदलाने आणखी एक चमत्कारिक अंक प्रचारात आणला. जुन्या इनोडीबीत इंडेक्सची मर्यादा ७६७ बाइट होती. २५५ अक्षरे गुणिले तीन म्हणजे ७६५, ते बसत होते. चारने गुणले की बसेना. म्हणून पुष्कळ जुन्या कोडमध्ये रकान्याची लांबी १९१ दिसते.

लांबी मोजण्यातही फसगत होते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव वाचणाऱ्याला चार अक्षरी. युनिकोडच्या हिशेबाने त्यात दहा चिन्हे, बाइट तीस. पीएचपीचे साधे लांबी मोजणारे फंक्शन तीस सांगते. त्याच घराण्यातल्या फंक्शनने मजकूर कापून यादीत थोडक्यात दाखवायला गेले की शेवटच्या अक्षराचे तुकडे होतात आणि तिथे काळा चौकट-प्रश्न उमटतो. बहुबाइटी फंक्शन वापरले तरी जोडाक्षर मधोमध तुटून लोंबता हलन्त उरू शकतो. शोधाचे दुखणे वेगळे. ‘ऱ’ हे एकच चिन्ह म्हणून साठवता येते किंवा ‘र’खाली नुक्ता देऊन, डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइट वेगळे. ‘तऱ्हा’ शोधली आणि सापडली नाही, तर कीबोर्डकडे पाहावे. साठवण्यापूर्वी युनिकोडचे एकरूपीकरण करून घेणे हा उपाय फुकट आहे आणि बहुधा केला जात नाही. आडनावांच्या क्रमवारीत ‘ळ’ हा ‘ल’शेजारी आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये जातो, मराठी वर्णमालेत त्यांची जागा ‘ह’नंतर आहे. ग्रंथपालाला हे पहिल्या दिवशी खटकते, प्रोग्रामरला कधीच दिसत नाही.

वेळ : परदेशातल्या किंवा क्लाउडवरच्या सर्व्हरचे घड्याळ साधारणपणे यूटीसीवर असते, भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत सर्व्हरवर आदलीच तारीख चालू असते. ऑफिसच्या कामात हे वर्षभर लक्षात येत नाही. दूध संकलन केंद्रावर मात्र पाचला घातलेले दूध काल जमा होते आणि दहा दिवसांच्या बिलात पहिल्या दिवसाचे दूध मागच्या बिलात सरकते. महिन्याची बेरीज जवळपास जुळत राहते, म्हणून शंकाही येत नाही. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प हा प्रकार आत यूटीसीत साठवतो आणि दाखवताना कनेक्शनच्या टाइमझोनप्रमाणे बदलतो. डेटटाइम जसे दिले तसे ठेवतो. दोन्ही प्रकार एकाच टेबलात मिसळले, आणि पीएचपीचा टाइमझोन वेगळा लावला, तर एकाच पावतीवर दोन वेगवेगळ्या वेळा छापून येतात. कनेक्शन उघडताच ‘+०५:३०’ असा टाइमझोन सांगणे सोपे. ‘एशिया/कोलकाता’ हे नाव वापरायचे तर सर्व्हरवर टाइमझोनची टेबले भरलेली असावी लागतात.

कनेक्शन : मायएसक्यूएल मुळात एका वेळी १५१ कनेक्शन घेते, पोस्टग्रेस १००. शेअर्ड होस्टिंगवर एका खात्याला याहून पुष्कळ कमी मिळतात, आणि निकालाच्या दिवशी सगळे पालक एकदम आले की ‘फार कनेक्शन झाली’ असे उत्तर येते. जावा किंवा पायथॉनमध्ये कनेक्शनचा पूल ठेवणाऱ्यांना याच्या उलट अनुभव येतो : गर्दीत सारे ठीक, पण रोज सकाळी पहिलाच माणूस एरर पाहतो आणि दुसऱ्यांदा प्रयत्न केला की काम होते. मायएसक्यूएल २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, न वापरलेले कनेक्शन बंद करते. रात्रभर पडून राहिलेला पूल सकाळी मेलेले कनेक्शन हातात देतो. वापरण्याआधी ते जिवंत आहे का हे तपासण्याची सोय जवळजवळ प्रत्येक पूलमध्ये असते; ती चालू करावी लागते इतकेच.

एकाच वेळी दोघे : पावतीचा नवा क्रमांक काढण्यासाठी ‘सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक’ ही क्वेरी लहान अ‍ॅप्लिकेशनमध्ये हमखास सापडते. एकटा लेखक चाचणी घेतो तेव्हा ती अचूक चालते. दोन खिडक्यांवर फी भरून घेणे सुरू झाले की दोघांनाही शेवटची पावती ४१२ दिसते आणि दोघेही ४१३ फाडतात. क्रमांक देण्याचे काम ऑटो-इन्क्रिमेंटवर सोपवावे. सलग क्रमांकांचा आग्रहच असेल (हिशेबनिसाचा असतोच) तर ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ लॉक करून घ्यावी. त्या रकान्यावर युनिक बंधन कोणत्याही परिस्थितीत असावे, म्हणजे गुपचूप होणारी चूक निदान बोंब तरी मारते. जुन्या टेबलांचे इंजिन मायआयसॅम असेल तर ट्रान्झॅक्शनचा उपयोग शून्य, कारण ते इंजिन ट्रान्झॅक्शन पाळतच नाही आणि तसे सांगतही नाही. ५.५ पासून इनोडीबी हे मुळातले इंजिन झाले, पण जुन्या डंपमधून मायआयसॅम टेबले नव्या सर्व्हरवर तशीच येतात.

पैशांसाठी फ्लोट वापरू नये, डेसिमल वापरावा किंवा पैशांत पूर्णांक ठेवावा. हे सर्वांना माहीत असते.

सुरक्षितता : फॉर्ममधला मजकूर थेट क्वेरीत चिकटवल्याने होणारे एसक्यूएल इंजेक्शन १९९८ पासून जाहीरपणे माहीत आहे. देवनागरीत भरल्या जाणाऱ्या नावांमध्ये एकेरी अवतरणचिन्ह येत नाही, त्यामुळे हे छिद्र चाचणीत झाकलेले राहते. गोव्यात किंवा वसईत तेच अ‍ॅप्लिकेशन नेले आणि कोणी रोमनमध्ये डिसूझा किंवा डिमेलो हे आडनाव अ‍ॅपॉस्ट्रॉफीसह लिहिले की १०६४ ही वाक्यरचनेची एरर येते. अशा वेळी आडनावातले चिन्ह काढून टाकायला सांगणारे महाभाग असतात. डिसूझांचे नाव जिथे क्वेरी मोडते, तिथे वाईट हेतूने आलेला माणूस क्वेरी आपल्याला हवी तशी वळवू शकतो. उपाय प्रिपेअर्ड स्टेटमेंट, दुसरा नाही.

डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल, गिटचा लपलेला फोल्डर आणि ‘फक्त दोन मिनिटांसाठी’ ठेवलेला डंप, या तिन्ही गोष्टी वेबच्या फोल्डरमध्ये राहून गेल्या तर पत्ता टाइप करणाऱ्या कोणालाही मिळतात. असे पत्ते टाइप करून पाहणारे प्रोग्राम इंटरनेटवर अहोरात्र फिरत असतात.

बॅकअप : या प्रकरणी सर्वांत बोलके उदाहरण लहान अ‍ॅप्लिकेशनचे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचा पोस्टग्रेसचा डेटा पुसायला घेतला. चूक ध्यानात येऊन हात थांबेपर्यंत सुमारे ३०० जीबी गेले होते. मग बॅकअप काढायला गेले तर तिथे काहीच नव्हते. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा, डंप काढणारा प्रोग्राम ९.२ चा, तो रोज फसत होता. फसल्याचे ईमेलही जात होते, पण पडताळणीत न बसल्याने ते परत फिरवले जात होते. कोणी तरी सहा तास आधी चाचणीसाठी घेतलेली एक प्रत होती, तीवर निभावले, आणि मधल्या सहा तासांची माहिती गेली. कंपनीने हे सारे उघडपणे लिहून ठेवले आहे आणि ते मुळातून वाचण्यासारखे आहे.

लहान अ‍ॅप्लिकेशनमध्ये बॅकअप घेतलेला असतो, परत भरून पाहिलेला नसतो. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून काढलेला डंप परत चढवायला गेले की पीएचपीची अपलोड मर्यादा आडवी येते. ती मुळात २ एमबी असते. एसक्यूलाइटची फाइल चालू असताना नुसती कॉपी केली तर अर्धवट लिहिलेली अवस्था हाती येऊ शकते. त्यासाठी त्याची स्वतःची बॅकअप आज्ञा आहे. हेरोकूसारख्या सेवांवर एसक्यूलाइट ठेवणाऱ्यांचा प्रश्न त्याहून आधीचा, कारण तिथली डिस्क तात्पुरती असते आणि रोजच्या रीस्टार्टबरोबर फाइल मूळपदावर जाते. विद्यार्थ्यांचे फोटो, स्कॅन केलेली कागदपत्रे वगैरे अपलोड बहुधा डेटाबेसमध्ये नसतातच. डेटाबेसमध्ये त्यांचा फक्त मार्ग असतो. डंपबरोबर तो फोल्डर उचलला नाही, तर नव्या सर्व्हरवर सगळ्या नोंदी येतात आणि प्रत्येक फोटोच्या जागी तुटक्या चित्राची खूण दिसते.