मुंबईची एकोणचाळीस मिनिटे

मुंबईचा सूर्य घड्याळाच्या मागे चालतो. भारतीय प्रमाणवेळेने दुपारचे १२ वाजतात तेव्हा मुंबईत सूर्य माथ्यावर यायला सरासरी ३९ मिनिटे बाकी असतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तो १२ वाजून २३ मिनिटांच्या आसपास माथ्यावर येतो, फेब्रुवारीच्या मध्यावर १२ वाजून ५३ मिनिटांच्या सुमारास. पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटे घेते. प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावरची आहे, आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ दहा अंशांवर. हिशेब एवढाच. पण या ३९ मिनिटांवरून मुंबईने सरकारशी दोनदा झगडा केला, गिरण्यांच्या फाटकांवर दगड पडले आणि महापालिकेने कित्येक दशके सरकारी वेळ मानली नाही.

घड्याळ येण्यापूर्वी वेळ नव्हती असे नाही. ती पाण्याने आणि उन्हाने मोजली जाई. घंगाळात पाणी भरून त्यावर बुडाशी बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडायची. ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे आजची २४ मिनिटे, संपली. घटिकेची ६० पळे आणि सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत ६० घटिका असा हिशेब होता. मराठीत आयुष्य संपत आल्यावर ‘घटका भरली’ म्हणतात, त्या शब्दांत ती बुडणारी वाटी अजून आहे. दिवसाचे चार प्रहर आणि रात्रीचे चार. दोन प्रहर झाले की दुपार. मोठ्या देवळांत, वाड्यांत, किल्ल्यांवर काशाच्या थाळीवर टोले पडत. त्या थाळीचे नाव तास. पुढे इंग्रजी घड्याळाचा साठ मिनिटांचा काळ आला तेव्हा त्यालाही तेच नाव मिळाले. वेळ पाहायची नव्हे तर ऐकायची गोष्ट होती, म्हणून मराठी माणूस आजही मोबाइलच्या पडद्याकडे बघत ‘किती वाजले’ असेच विचारतो.

या पद्धतीत प्रत्येक गावाची वेळ त्या गावाची असे. पुण्याची दुपार मुंबईच्या चार मिनिटे आधी होई, नागपूरची सुमारे २५ मिनिटे आधी. बैलगाडीने पुणे-मुंबई प्रवासाला कित्येक दिवस लागत, तेव्हा चार मिनिटांचा फरक कोणाला जाणवण्याचे कारण नव्हते. आणि प्रहर ऋतूप्रमाणे लांबत-आखडत असल्याने कामाचे दिवसही उन्हाळ्यात मोठे, हिवाळ्यात लहान होत.

अचूक वेळेची गरज आधी समुद्राला पडली. जहाजाला आपला रेखांश कळायचा तर बंदर सोडताना क्रोनोमीटर बंदराच्या वेळेशी तंतोतंत जुळवावा लागे. एका मिनिटाची चूक म्हणजे रेखांशात पाव अंशाची चूक, आणि ती मुंबईच्या अक्षांशावर सुमारे २६ किलोमीटर भरते. ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये कुलाब्याला वेधशाळा उभारली त्यामागे हे कारण होते. तिथे वेध घेणाऱ्यांत पुढे एक मराठी नाव आले, केरो लक्ष्मण छत्रे यांचे. अलिबागजवळच्या नागावचे छत्रे कुमारवयातच वेधशाळेच्या नोकरीत शिरले. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनांची कोष्टके’ हा ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्याच गणितावर पटवर्धनी पंचांग निघाले. दुर्बिणीतून दिसणारा ग्रह आणि पंचांगातला ग्रह एकाच जागी हवा, हा त्यांचा आग्रह होता. पंचांग टाकून द्यावे असे त्यांनी म्हटले नाही. ते आकाशाशी जुळवून घ्यावे असे म्हटले. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी विज्ञानविचारातली ही सर्वात समंजस भूमिका होती. याच वेधशाळेवर पुढे उद्योगाने मात केली. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय मापनात गोंधळ होणार, म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय निरीक्षणांचे काम अलिबागला हलवावे लागले. ट्राम १९०७ मध्ये धावू लागली.

समुद्राच्या वेळेचा जमिनीवरच्या लोकांना त्रास नव्हता. तो रेल्वेने आणला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा प्रश्न छोटा होता. १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग सलग जोडला गेल्यावर तो मोठा झाला, कारण दोन टोकांच्या स्थानिक वेळांत तासाभराहून अधिक फरक होता. प्रत्येक स्टेशनाची वेळ वेगळी धरली तर एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या कुठे थांबवायच्या हे ठरवणेच अशक्य. मद्रासला १७९२ पासून वेधशाळा होती आणि ते शहर रेखांशाच्या दृष्टीने मुंबई-कलकत्त्याच्या साधारण मध्ये पडे. तिथून तारेने वेळेचा इशारा देशभर पाठवता येई. म्हणून रेल्वेने मद्रासची वेळ घेतली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे होती. लोक तिला सरळ ‘रेल्वे टाइम’ म्हणत. गाडी गाठायची तर तो हिशेब करायचा, घरी आल्यावर विसरायचा. या दुहेरी वेळेने कोणाचे बिघडत नव्हते.

बिघडले ते १८८१ च्या अखेरीस. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कचेऱ्यांना मद्रासची वेळ लावली. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे तेच हे. हुकमामागचा युक्तिवाद सोपा होता: रेल्वे आणि तार एका वेळेवर चालतात, तर शहरानेही चालावे. शहराला तो पटला नाही. मुंबईला स्वतःची वेधशाळा आणि स्वतःचे बंदर आहे, मग वेळ मद्रासची का, असा व्यापाऱ्यांचा, वर्तमानपत्रांचा आणि सामान्य नोकरदारांचा प्रश्न होता. त्यात सर्वात बोलके ठरले राजाबाई टॉवरचे घड्याळ. प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून १८७८ मध्ये पुरा झालेला हा मनोरा विद्यापीठाच्या ताब्यात होता आणि विद्यापीठाने घड्याळ मुंबईच्या वेळेवर ठेवायचे ठरवले. तेव्हा सरकारने रात्री तबकड्या उजळण्याचा खर्च द्यायला नकार दिला. जी वेळ सरकारी नाही तिच्यावर सरकारी दिवा कशाला! अखेर १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

कचेरीतल्या कारकुनाला अर्धा तास इकडे-तिकडे झाल्याने गैरसोय होई. गिरणीतल्या कामगाराचे मात्र सगळे आयुष्यच वेळेच्या मोजणीत अडकले होते. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापलेल्या कंपनीच्या ताडदेवच्या गिरणीत १८५६ मध्ये सूत निघू लागले, आणि पुढच्या तीन-चार दशकांत रत्नागिरी, सातारा, पुण्याकडची माणसे लालबाग-परळच्या चाळींत भरली. सुरुवातीच्या गिरण्या सूर्यावर चालत: उजाडले की सुरू, अंधारले की बंद. यंत्र वाफेचे, पण दिवस शेतकऱ्याचाच. फरक असा की शेतकरी दुपारी झाडाखाली अंग टेकू शके आणि गिरणीतली बाई टेकू शकत नसे. कामगारांकडे घड्याळ नव्हते. उशीर झाला तर मजुरी कापली जाईल या धास्तीने माणसे अंधारातच घर सोडत आणि फाटकाशी येऊन पडून राहत. मग भोंगे आले. पहिला उठवायला, पुढचा निघायला, शेवटचा फाटक बंद व्हायला. गिरणगावात घरोघरी स्वयंपाक, नळावरची रांग, मुलांची शाळा हे सारे भोंग्यावर बेतले गेले.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांच्या सभा भरवून ज्या मागण्या मांडल्या, त्या बारकाईने वाचण्याजोग्या आहेत. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, महिन्याच्या १५ तारखेच्या आत पगार, कामावर इजा झाली तर भरपाई, आणि काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. ही शेवटची मागणी विशेष आहे. तिचे एक टोक घड्याळाला बांधलेले आहे आणि दुसरे सूर्याला. कामगाराला घड्याळ शत्रू वाटत नव्हते. सकाळच्या बाजूला तेच त्याचे रक्षण करणार होते. मालकाने अंधारातून बोलावू नये यासाठी त्याला घड्याळातला आकडा हवा होता. आणि संध्याकाळी, निदान तेव्हा, सूर्य पुरेसा होता, कारण गिरणीत उजेडाची सोय नव्हती. १८९० मध्ये रविवारची सुट्टी मिळाली. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने स्त्रियांचे काम ११ तासांवर आणि नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांचे सात तासांवर आणले. प्रौढ पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हती.

ती नसण्याचा अर्थ विजेने दाखवून दिला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिरण्यांत विजेचे दिवे लागले आणि सूर्यास्ताचा अडसर गेला. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या १४-१५ तास चालू लागल्या. विजेच्या दिव्याचे कौतुक त्या काळी पुष्कळ झाले, आणि ते योग्यही होते. पण त्या दिव्याखाली साच्यावर उभ्या असलेल्या माणसाचा दिवस दोन-तीन तासांनी वाढला, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा यायला १९११ चा कायदा व्हावा लागला.

या तापलेल्या वातावरणात १ जानेवारी १९०६ पासून नवी प्रमाणवेळ लागू झाली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची. मुंबईची घड्याळे ३९ मिनिटे पुढे सरकली. कागदावर ही निव्वळ शास्त्रीय सुधारणा होती. साऱ्या जगाशी वेळ जुळवणे सोपे झाले. गिरणीच्या फाटकाशी तिचा अर्थ वेगळा निघाला. सकाळी सहाचा भोंगा नव्या वेळेने वाजला की तो जुन्या हिशेबाने ५ वाजून २१ मिनिटांनी वाजे. जानेवारीत मुंबईचा सूर्य नव्या घड्याळाने सात वाजून गेल्यावर उगवतो. म्हणजे थंडीच्या दिवसांत तासाभराहून अधिक काळोखात कामाला उभे राहायचे. पहिल्याच आठवड्यात जेकब ससून गिरणीत कामगारांनी काम नाकारले आणि दगडफेक झाली. संध्याकाळी सुट्टीही ३९ मिनिटे आधी होईल, असे त्यांना सांगता आले असते. पण नुकतेच विजेच्या दिव्याखाली रात्रीपर्यंत काम केलेल्या माणसांनी त्यावर विश्वास का ठेवावा?

शहरातल्या सुशिक्षितांचा विरोध दुसऱ्या वाटेने आला. १९०५ च्या ऑक्टोबरात बंगालची फाळणी झाली होती, स्वदेशीची चळवळ पेटली होती, आणि लोकांना न विचारता घेतलेला प्रत्येक निर्णय त्याच मालिकेतला वाटत होता. सभा झाल्या, अर्ज गेले. रेल्वे, तार, टपाल आणि सरकारी कचेऱ्या प्रमाणवेळेवर गेल्या. मुंबई महापालिकेने मात्र १९०६ मध्येच ठराव करून आपली घड्याळे मुंबईच्या वेळेवर ठेवली. क्रॉफर्ड मार्केटचे घड्याळ महापालिकेचे, बोरीबंदर स्टेशनचे रेल्वेचे. दोन्हींमध्ये चालत दहा मिनिटांचे अंतर. भाजी घेऊन निघालेला माणूस एवढे चालून स्टेशनात पोचला की घड्याळांच्या हिशेबाने ४९ मिनिटे उलटलेली असत. लग्नपत्रिकेवर, सभेच्या जाहिरातीवर वेळेपुढे ‘मुं. टा.’ की ‘स्टँ. टा.’ हे छापावे लागे. कलकत्त्यानेही अशीच आपली वेळ १९४८ पर्यंत जपली.

या विरोधाला अडाणीपणा म्हणण्याची चूक त्या वेळच्या इंग्रजी पत्रांनी केली आणि नंतरच्याही काही लेखकांनी केली. विरोध करणाऱ्यांत विद्यापीठाची सिनेट होती, व्यापारी होते, नगरसेवक होते, आणि ज्यांच्या मागणीतच ‘साडेसहा’ हा आकडा होता असे कामगार होते. यांतल्या कोणालाही घड्याळ नको होते असे दिसत नाही. काटा कोणी फिरवायचा, हा त्यांचा वाद होता.

दुसऱ्या महायुद्धात काटा पुन्हा फिरला. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत वीज वाचवण्यासाठी प्रमाणवेळ आणखी एक तास पुढे होती, म्हणजे मुंबईचा मध्यान्ह घड्याळात दीडच्या पुढे गेला. मुंबई टाइम स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच संपला, आणि तोही फारशा गाजावाजाशिवाय. रेडिओवरचे ठोके घरोघरी ऐकू येऊ लागले होते, आणि १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याचे ४८ तास ठरवून दिल्यावर गिरणीत घड्याळ कोणाचे, या प्रश्नाची धार गेली होती. सात ते साडेतीन, साडेतीन ते बारा आणि रातपाळी अशा तीन पाळ्यांत गिरणगाव स्थिरावले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर बहुतेक भोंगे कायमचे थांबले.

आज देशाची अधिकृत वेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतली अणुघड्याळे देतात. स्थानिक वेळ मात्र एका ठिकाणी उरली आहे. मराठी पंचांगात सूर्योदय एका शहराचा धरलेला असतो आणि इतर गावांसाठी किती मिनिटे मिळवायची किंवा वजा करायची याचे कोष्टक दिलेले असते. नागपूरच्या घरात मुहूर्त काढताना पुरोहित ते कोष्टक पाहतो. काही लग्नांत अजून बोहल्याजवळ घटिकापात्र मांडतात. पाण्यावर सोडलेली वाटी बुडेपर्यंत मंगलाष्टके चालू राहतात.