अमेरिकेतील माजी सैनिकांचे स्मरण : दिवस, स्मारके आणि देणे

अमेरिकेत सैनिकांच्या स्मरणाचे दोन स्वतंत्र दिवस आहेत आणि त्यांची गल्लत खुद्द तेथेही अनेकांकडून होते. मे महिन्याच्या अखेरच्या सोमवारी येणारा ‘मेमोरियल डे’ हा सैन्यसेवेत असताना प्राण गमावलेल्यांचा दिवस आहे. ११ नोव्हेंबरचा ‘व्हेटरन्स डे’ हा सैन्यात सेवा बजावलेल्या सर्वांचा, विशेषतः हयात असलेल्यांचा दिवस आहे. पहिला शोकाचा, दुसरा कृतज्ञतेचा. ‘व्हेटरन’ म्हणजे आपल्याकडचा माजी सैनिक. अमेरिकी कायद्यानुसार त्यासाठी प्रत्यक्ष रणांगण पाहिलेले असण्याची अट नाही. सेवा करून नामुष्कीविना सेवामुक्त झालेली कोणतीही व्यक्ती या संज्ञेत येते.

या स्मरणपरंपरेचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास पाहिला, तर त्यात दोन प्रश्न सतत सोबत चालताना दिसतात. सैनिकाचे नाव राखले गेले का, हा पहिला. आणि त्याचे देणे चुकते झाले का, हा दुसरा. दोन्हींची उत्तरे नेहमीच सारखी आलेली नाहीत.

यादवी युद्धातून रुजलेली प्रथा

१८६१ ते १८६५ या काळातील यादवी युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मरण पावली. त्यांपैकी असंख्य जणांना नावाविना, मिळेल तेथे पुरण्यात आले होते. १८६२ मध्ये काँग्रेसने सैनिकांसाठी राष्ट्रीय दफनभूमी उभारण्याचा अधिकार अध्यक्ष लिंकन यांना दिला. युद्धात जखमींची शुश्रूषा करणाऱ्या क्लारा बार्टन यांनी बेपत्ता सैनिकांचा शोध घेणारी कचेरी चालवली. आप्तांच्या ६३ हजारांवर पत्रांना उत्तरे देऊन या कचेरीने सुमारे २२ हजार सैनिकांचे काय झाले, याचा छडा लावला.

१ मे १८६५ रोजी दक्षिण कॅरोलायनातील चार्ल्सटन येथे नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनी, बंदिवासात मेलेल्या उत्तरेच्या सैनिकांच्या थडग्यांवर फुले वाहिली. त्या मृतांना सामूहिक खड्ड्यांतून काढून स्वतंत्र थडगी देण्याचे कामही त्यांनीच केले होते. पुढे माजी सैनिकांच्या संघटनेचे प्रमुख जनरल जॉन लोगन यांच्या आवाहनानुसार ३० मे १८६८ रोजी देशभर थडगी फुलांनी सजवण्यात आली. हा ‘डेकोरेशन डे’ कालांतराने ‘मेमोरियल डे’ झाला आणि १९७१ पासून तो मेच्या अखेरच्या सोमवारी पाळला जाऊ लागला.

११ नोव्हेंबरचा प्रवास

पहिल्या महायुद्धातील शस्त्रसंधी १९१८ मध्ये अकराव्या महिन्याच्या अकराव्या दिवशी, सकाळी अकरा वाजता अमलात आली. पुढच्याच वर्षी अध्यक्ष विल्सन यांनी हा ‘आर्मिस्टिस डे’ पाळण्याचे आवाहन केले. १९३८ मध्ये तो कायद्याने सुटीचा दिवस ठरला. दुसरे महायुद्ध आणि कोरियाचे युद्ध झाल्यावर एकाच युद्धाच्या समाप्तीचा दिवस अपुरा वाटू लागला. १ जून १९५४ रोजी अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी नामांतराच्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि हा सर्व युद्धांतील माजी सैनिकांचा दिवस झाला. सलग सुट्यांच्या सोयीसाठी १९७१ मध्ये तो ऑक्टोबरमधील सोमवारी हलवण्यात आला. परंतु लोकांना ते रुचले नाही. १९७८ पासून तो पुन्हा ११ नोव्हेंबरला आला.

अज्ञात सैनिकाची समाधी

राजधानी वॉशिंग्टनसमोर, पोटोमॅक नदीपलीकडे आर्लिंग्टनची राष्ट्रीय दफनभूमी आहे. दक्षिणेचे सेनापती रॉबर्ट ली यांच्या कुटुंबाच्या जमिनीवर १८६४ मध्ये सुरू झालेल्या या भूमीत आज चार लाखांहून अधिक जण चिरविश्रांती घेत आहेत. ११ नोव्हेंबर १९२१ रोजी येथे पहिल्या महायुद्धातील एका अनोळखी सैनिकाचे दफन झाले. फ्रान्समध्ये चार शवपेट्यांमधून सार्जंट एडवर्ड यंगर यांनी एका पेटीवर पांढरी फुले ठेवून ही निवड केली होती. १९३७ पासून या समाधीवर अहोरात्र पहारा आहे.

पुढे दुसऱ्या महायुद्धातील, कोरियातील आणि व्हिएतनाममधील एकेका अज्ञात सैनिकाला येथेच स्थान मिळाले. परंतु व्हिएतनाममधील सैनिकाचे अवशेष १९९८ मध्ये बाहेर काढून त्यांची डीएनए तपासणी करण्यात आली, तेव्हा ते १९७२ मध्ये विमान पाडले गेलेले हवाईदलाचे अधिकारी मायकेल ब्लासी यांचे असल्याचे सिद्ध झाले. ते कुटुंबाच्या स्वाधीन करण्यात आले. ती कुपी आजही मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे.

काळ्या दगडावरची नावे

व्हिएतनाम युद्धावरून अमेरिकी समाज दुभंगला होता आणि परतलेल्या सैनिकांच्या वाट्याला स्वागताऐवजी बहुधा उपेक्षाच आली. त्यामुळे वॉशिंग्टनमधील स्मारकासाठी माजी सैनिकांनाच पुढाकार घ्यावा लागला. खुल्या स्पर्धेत चौदाशेहून अधिक आराखड्यांतून येल विद्यापीठातील २१ वर्षांच्या माया लिन या विद्यार्थिनीचा आराखडा निवडला गेला. पुतळा नाही, तोफ नाही. केवळ जमिनीत उतरत जाणारी काळी भिंत आणि तिच्यावर नावे. त्यावर मोठा वाद झाला. तडजोड म्हणून जवळच सैनिकांचे शिल्पही बसवण्यात आले. १९८२ मध्ये भिंतीचे लोकार्पण झाले.

आज तिच्यावर ५८ हजारांहून अधिक नावे आहेत. ती वर्णानुक्रमाने किंवा हुद्द्यानुसार कोरलेली नसून जीवितहानीच्या कालक्रमाने कोरलेली आहेत. त्यामुळे एकाच चकमकीत पडलेले सोबती भिंतीवरही शेजारी राहिले. आपल्या वाचकांसाठी उल्लेखनीय गोष्ट अशी, की या भिंतीचा काळा ग्रॅनाइट बंगळूरच्या खाणींतून गेलेला आहे.

सन्मान आणि देणे

स्मारके उभी राहत असताना जिवंत सैनिकांचे हक्क मात्र अनेकदा मागे पडले. पहिल्या महायुद्धातील सैनिकांना १९२४ च्या कायद्याने जो बोनस मंजूर झाला, तो हाती पडणार होता १९४५ मध्ये. महामंदीत होरपळलेले हजारो माजी सैनिक १९३२ मध्ये ही रक्कम आधी मिळावी म्हणून कुटुंबांसह राजधानीत तळ ठोकून बसले. २८ जुलै रोजी जनरल मॅकार्थर यांच्या नेतृत्वाखालील लष्कराने त्यांना हुसकावले आणि त्यांच्या झोपड्या पेटल्या. कालच्या सैनिकांवर आजचे सैनिक घालण्याचा हा प्रसंग देशाच्या जिव्हारी लागला. रक्कम अखेर १९३६ मध्ये मंजूर झाली. शिक्षण आणि घरासाठी साह्य देणारा १९४४ चा ‘जीआय बिल’ या अनुभवातूनच शहाणपण शिकला होता. मात्र त्याच्या अंमलबजावणीतही कृष्णवर्णीय सैनिकांना, विशेषतः दक्षिणेत, घरकर्जे आणि महाविद्यालयांची दारे बहुधा बंदच राहिली.

अमृतसर जिल्ह्यात जन्मलेले भगतसिंग थिंड यांची कहाणीही याच प्रकारची आहे. १९१८ मध्ये ते पगडीसह अमेरिकी सैन्यात दाखल झाले आणि सन्मानाने सेवामुक्त झाले. तरीही १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, ते कायद्याच्या अर्थाने ‘गोरे’ नाहीत, असे ठरवून त्यांना नागरिकत्व नाकारले. पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांसाठी १९३५ मध्ये वंशाची अट दूर करणारा कायदा झाला, तेव्हा कुठे पुढच्या वर्षी त्यांना नागरिकत्व मिळाले.

आवाजांचा संग्रह

२००० मध्ये काँग्रेसने ‘व्हेटरन्स हिस्टरी प्रोजेक्ट’ हा उपक्रम स्थापन केला. माजी सैनिकांच्या किमान अर्ध्या तासाच्या ध्वनिचित्रित मुलाखती, मूळ पत्रे, रोजनिशा आणि छायाचित्रे ‘लायब्ररी ऑफ काँग्रेस’मध्ये जतन केली जातात. मुलाखत घेणारा इतिहासकारच असावा लागत नाही. नात किंवा शेजारीही ती घेऊ शकतो. सेनापतीच्या आणि स्वयंपाक्याच्या आठवणीला येथे सारखेच स्थान आहे. आजवर एक लाखाहून अधिक जणांचे अनुभव या संग्रहात आले आहेत.

त्यांत फ्रँक बकल्स यांचा आवाज आहे. वय वाढवून सांगून ते सोळाव्या वर्षी सैन्यात शिरले आणि फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत राहिले. पहिल्या महायुद्धातील हे अखेरचे अमेरिकी सैनिक २७ फेब्रुवारी २०११ रोजी वयाच्या ११० व्या वर्षी निवर्तले. राजधानीत आपल्या पिढीचे राष्ट्रीय स्मारक व्हावे, यासाठी ते अखेरपर्यंत झटले. ते स्मारक २०२१ मध्ये खुले झाले, तेव्हा ते पाहायला त्या युद्धातला एकही अमेरिकी सैनिक उरला नव्हता.