सामुदायिक रेडिओ परवाना

सामुदायिक रेडिओ परवाना हा शैक्षणिक व ना-नफा संस्थांना मर्यादित क्षेत्रात रेडिओ केंद्र चालवण्यासाठी भारत सरकारकडून मिळणारा परवाना होय. सोलापूरचे आकाशवाणी केंद्र प्रसार भारतीचे असल्याने या वर्गात मोडत नाही, सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ (९०.४ मेगाहर्ट्झ) मात्र या वर्गातील आहे.

प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पुढे २००२ मध्ये शैक्षणिक संस्थांना आणि २००६ च्या धोरणानुसार कृषी विज्ञान केंद्रे व स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले झाले. व्यक्ती व राजकीय पक्ष अपात्र ठरतात. स्वयंसेवी संस्थेची नोंदणी किमान ३ वर्षे जुनी असावी लागते.

प्रक्षेपणशक्ती सामान्यतः १०० वॅटपर्यंत असते. किमान ५० टक्के कार्यक्रम स्थानिक समुदायाच्या सहभागाने तयार करणे बंधनकारक आहे. जाहिरातींना ठरावीक मर्यादेत मुभा आहे. स्वतंत्र बातम्यांना मात्र मनाई असून केवळ आकाशवाणीची बातमीपत्रे मूळ स्वरूपात प्रसारित करता येतात. हवामान, रोजगार, पाणीपुरवठा व आपत्ती यांविषयीच्या सूचना बातम्यांत गणल्या जात नाहीत. त्यामुळे दुष्काळी भागातील केंद्राला पाणी केव्हा येणार हे सांगता येते. ते का आले नाही, याची बातमी स्वतः देता येत नाही.