साण्यापासून यूपीव्हीसीपर्यंत: सोलापूरच्या खिडकीची गोष्ट

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की या वेळी राजे-रजवाडे सोडून दुसरं काहीतरी घ्या. म्हणून आजचा विषय आहे खिडकी. हसू नका. आमच्या सोलापूरच्या घरावर वरचा मजला चढतोय आणि खिडक्यांवरून घरात दोन पक्ष पडलेत. वडिलांना ॲल्युमिनियमची स्लायडिंग हवी, भावाला यूपीव्हीसी. आईची खोली पश्चिमेला, आणि एसी लावायचा नाही असं तिनं आधीच बजावलंय. मी व्यवसायानं सॉफ्टवेअरवाला. निर्णय घ्यायच्या आधी जुने लॉग बघायची सवय आहे, म्हणून खिडकीचाही इतिहास काढला.

सुरुवात करू धाब्याच्या घरापासून. सोलापूर जिल्ह्यात अजूनही जुनी माळवदं दिसतात. दगड आणि पांढऱ्या मातीच्या दोन-तीन फुटी भिंती, वर लाकडी तुळया, त्यावर किलचण, आणि त्याच्यावर मातीचा जाड थर. खिडक्या अगदी लहान, त्याही कमी. उजेड यायला आणि चुलीचा धूर जायला छपराला एक भोक असायचं, त्याला साणं म्हणतात. आपल्याला वाटतं, त्या लोकांना खिडकीचं महत्त्व कळत नव्हतं. उलट आहे! सोलापूर कोरड्या आणि उष्ण हवेच्या पट्ट्यात येतं. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, पण रात्री हवा उतरते. त्यामुळे दिवसा घर बंद ठेवायचं आणि रात्री माळवदावर झोपायचं. जाड भिंत दिवसभराची उष्णता सावकाश पिते. तिथे मोठी खिडकी म्हणजे उन्हाला आवतणच.

मग मोठी खिडकी आली कुठून? एक मोठं कारण म्हणजे प्लेग. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट खोली म्हणजे रोग, हा विचार तेव्हा सरकारी नियमांत शिरला. खोलीला उजेड मिळावा म्हणून ट्रस्टने दोन इमारतींमधल्या अंतरासाठी साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम लावला. पुढे उजेड आणि वारा हे चांगल्या घराचं लक्षण ठरलं. त्यात चूक काहीच नव्हती. पण सिमेंटच्या जमान्यात भिंती नऊ इंचांवर आल्या, खिडक्या वाढल्या, आणि जुन्या घराचं दिवसा बंद, रात्री उघडं हे गणित मागे पडलं. लाकडी पल्ले गेले, लोखंडी झेड सेक्शन आले, त्यांना गंज चढला आणि मग ॲल्युमिनियम आलं.

आता यूपीव्हीसी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रेन्यो यांना १८३५ च्या सुमारास पीव्हीसी योगायोगानं सापडलं. १९२६ मध्ये अमेरिकेत वाल्डो सेमन यांनी ते मऊ करायची युक्ती शोधली. वायरचं आवरण आणि रेनकोट त्याच मऊ घराण्यातले. यूपीव्हीसी म्हणजे मऊ न केलेलं, कडक पीव्हीसी. त्याच्या खिडक्या १९५० च्या दशकात पश्चिम जर्मनीत निघाल्या, आणि १९७३ च्या तेलसंकटानंतर युरोपात त्यांना जोर आला. घर तापवायचं तेल महागलं होतं, आतली ऊब बाहेर जाऊ नये हे त्या खिडकीचं मुख्य काम होतं.

आपलं काम नेमकं उलटं आहे, बाहेरचं ऊन आत येऊ द्यायचं नाही. इथे थोडं गणित करू. ॲल्युमिनियम यूपीव्हीसीच्या जवळजवळ हजारपट उष्णता वाहून नेतं, हे खरं. पण खिडकीत फ्रेम थोडी, काच जास्त. बाहेर आणि आत १० अंशांचा फरक धरला, तर साध्या एकेरी काचेच्या एका चौरस मीटरमधून साधारण ५८ वॅट आत येतात. दुहेरी काच लावली तर २८. म्हणजे बचत ३० वॅटची. आता संध्याकाळी चारचं पश्चिमेचं ऊन घ्या. ते ६०० वॅट धरलं, तर साधी काच त्यातले सुमारे ४८० वॅट सरळ आत सोडते. दुहेरी साध्या काचेनंही त्यातलं बरंचसं आत येतंच. खरा शत्रू ऊन आहे, आणि ते काचेच्या बाहेरच अडवायला हवं.

दिशाही बघा. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सोलापुरात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला साधा छज्जा पुरतो. पश्चिमेला सूर्य तिरका येतो, तिथे छज्ज्याचं काही चालत नाही. तिथे बाहेरून चिक, जाळी, वाळ्याचा पडदा किंवा सरळ एक कडुनिंब.

दुसरी गोष्ट उघडण्याची. दोन पल्ल्यांची स्लायडिंग कितीही सरकवा, अर्धीच उघडते. दारासारखा पल्ला पूर्ण उघडतो. २०१८ च्या इको निवास संहितेतही खिडकी किती मोठी यापेक्षा किती उघडते हे मोजलंय. कोरड्या उष्ण भागात उघडणारी जागा जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान १० टक्के हवी.

म्हणून मी घरी मांडलेला हिशेब असा. यूपीव्हीसी घ्या, पण पल्ल्याची. ती घट्ट बसते, त्यामुळे धूळ आणि शेजारच्या पॉवरलूमचा खडखडाट बराच अडतो. आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडाची पट्टी आहे ना, आणि प्रोफाइल कडक उन्हासाठी बनवलंय ना, हे दुकानदाराला विचारा. रंग पांढराच घ्या, गडद रंग जास्त तापतो आणि पीव्हीसी तापलं की चांगलंच फुगतं. दुहेरी काचेचे पैसे मात्र वाचवा, एसी नसेल तर त्याच पैशांत पश्चिमेला बाहेरून चिक आणि जाळी होते.

वडील अजून पूर्ण पटलेले नाहीत. पण आईनं पश्चिमेची खिडकी दोन फुटांनी लहान करायला सांगितलीय. माळवदाच्या घरात वाढलेली आहे ती, तिला हे गणित माझ्या आधीपासून येतंय.

तुमच्या गावाकडच्या घराला साणं होतं का? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात.