दाणे भरताना वाढते तापमान: गहू तग कसा धरतो?

फेब्रुवारीत दुपारचे तापमान ३० अंशांच्या पुढे गेले की उशिरा पेरलेला गहू झपाट्याने पिवळा पडतो. ओंब्या चांगल्या दिसतात, पण मळणीत दाणा बारीक व सुरकुतलेला निघतो. दाण्यांची संख्या फुलोऱ्याच्या सुमारास ठरून गेलेली असते. नंतरची उष्णता मुख्यतः दाण्याचे वजन घटवते. दाणे भरण्याचे दिवस कमी होतात आणि दाण्यात स्टार्च तयार होण्याची क्रियाही मंदावते.

अशा वेळी झाड पानांतून पाणी बाहेर टाकून स्वतःला थंड ठेवते. पानांकडून अन्न कमी पडले, तर खोडात साठवलेली साखर दाण्याकडे वळवते. हा साठा मर्यादित असतो. थंड राहणेही जमिनीत ओल असेपर्यंतच जमते. ओल संपली की पर्णरंध्रे मिटतात आणि पीक हवेपेक्षाही जास्त तापते.

म्हणून पाणी कमी असले तरी फुलोरा-चिकाच्या वेळचे (६० ते ६५ दिवस) आणि दाणे भरतानाचे (८० ते ८५ दिवस) पाणी चुकवू नका. उशिराच्या पेरणीत या अवस्था लवकर येतात. त्यामुळे नुसते दिवस मोजू नका, ओंबीतला दाणा दाबून पाहा. पाणी हलके, वारा पडल्यावर द्या, नाहीतर गहू लोळतो. दाणा टणक झाल्यावर दिलेल्या पाण्याने वजन वाढत नाही.

पेरणी १५ नोव्हेंबरच्या आत उरकणे हा मात्र सर्वांत स्वस्त उपाय. ते जमले नाही, तर एनआयएडब्ल्यू ३४ सारखा उशिरा पेरणीचाच वाण घ्या.