एलिझाबेथ मॅगीचा दुसरा डाव

व्यापार खेळायला बसलं की पहिलं भांडण बँक कोण होणार यावरून होतं आणि दुसरं रेल्वे कोणाची यावरून. मराठवाड्यातल्या पूर्णेच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तर दुसरंच आधी. उन्हाळ्याच्या सुट्टीत, बाहेर ऊन रणरणत असताना, कुणाचे वडील ड्रायव्हर, कुणाचे गार्ड, कुणाचे गँगमन अशी पोरं पटाभोवती बसतात, तेव्हा रेल्वेचं कार्ड आपल्याकडे असणं हा घराण्याच्या अब्रूचा प्रश्न होतो. घड्यांवर चिकटपट्टी लावलेला पुठ्ठ्याचा पट, हरवलेल्या सोंगटीच्या जागी शर्टाचं बटण, हाताळून हाताळून मऊ पडलेल्या नोटा. कुणाच्या जागेवर दोन-तीन घरं उभी राहिली की तिथे येणाऱ्याचं तोंड उतरतं. संध्याकाळपर्यंत एकाच्या पुढ्यात नोटांची थप्पी लागते आणि बाकीचे कंगाल.

डावाचा असा शेवट मुळात मुद्दाम ठेवलेला आहे. तो ठेवणारी बाई होती, आणि हा तिच्या खेळाचा अर्धाच भाग होता.

एलिझाबेथ मॅगीचा जन्म 1866 सालचा, अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातला. वडील वर्तमानपत्रात, ती स्वतः लघुलेखनावर पोट भरणारी. हेन्री जॉर्ज या अर्थचिंतकाने 1879 साली मांडलेला विचार तिने मनापासून स्वीकारला होता. जमीन कुणी घडवलेली नाही. गाव वाढतं, बाजार भरतो, रस्ते होतात, म्हणून तिचा भाव चढतो. मग ती वाढ एकट्या मालकाच्या खिशात का जावी? जमिनीच्या मूल्यावर कर घ्या आणि माणसाच्या कष्टावरचे कर काढून टाका, असं जॉर्जचं म्हणणं. भाषणाने जे पटत नाही ते खेळताना अंगाला लागेल, या भरवशावर मॅगीने पट आखला. 5 जानेवारी 1904 रोजी त्याचं पेटंट तिच्या नावे झालं. खेळाचं नाव ‘द लँडलॉर्ड्स गेम’, म्हणजे जमीनदाराचा खेळ.

पट बघण्यासारखा आहे. सारीपाटात सोंगटी घरी पोचते, सापशिडीत शंभरावर. इथे वाट चौकोनी आणि पोचायचं कुठेच नाही. फेऱ्या मारत राहायचं. फेरी पुरी झाली की धरतीमातेवर केलेल्या श्रमाची मजुरी, 100 डॉलर. वाटेत भाकरी, कोळसा, कपडा आणि निवारा अशी चार घरं; तिथे आलात की पैसे मोजायचे, सुटका नाही. एका कोपऱ्यात उमरावाची खाजगी जमीन, तिच्यावर पाय पडला की थेट कैद. आणि चारही बाजूंना एकेक रेल्वे.

ही रेल्वेची घरं पूर्णेच्या माणसाला वेगळी समजावून सांगायला नकोत. 1900च्या सुमारास गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपर्यंत मीटरगेज टाकली गेली, पुढे हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झालं. गाडी चालवणारी निजाम्स गॅरंटीड स्टेट रेल्वे ही लंडनची कंपनी; तिच्या भांडवलावरच्या व्याजाची हमी निजाम सरकारने घेतलेली. परभणीच्या कापसाला दूरच्या बाजाराला जायचं तर याच रुळांवरून. 1930 साली निजाम सरकारने ती रेल्वे विकत घेतली. तसाच बदल मॅगीच्या दुसऱ्या डावात आहे, म्हणून हे इथे सांगितलं.

कारण पुढच्या आवृत्त्यांत तिने आणखी एक नियमावली दिली. पट तोच, फासे तेच. फक्त जागेचं भाडं मालकाला द्यायचं नाही, सार्वजनिक खजिन्यात टाकायचं. खजिना भरला की आधी दिवाबत्तीची कंपनी सगळ्यांची होते, मग रेल्वे फुकट होते. एकाच दुपारी दोन्ही डाव खेळा आणि ठरवा, असं तिचं सांगणं.

लोकांनी पहिला डाव उचलला. खेळ हातोहात, घरी रंगवलेल्या पटांवरून पसरला. अटलांटिक सिटीतल्या क्वेकर पंथाच्या मंडळींनी आपल्या गावच्या रस्त्यांची नावं घातली. तशा एका पटावरून चार्ल्स डॅरो याने नक्कल केली आणि ती ‘मोनॉपली’ या नावाने, स्वतःची म्हणून 1935 साली पार्कर ब्रदर्स या कंपनीला विकली. नक्कल कशी कळली? ‘मार्वेन गार्डन्स’ या वस्तीचं नाव ज्या पटावर ‘मार्विन’ असं चुकलं होतं, तीच चूक डॅरोच्या पटावरही आहे. कंपनीने मॅगीचं पेटंट 500 डॉलरला घेतलं, विक्रीतला वाटा शून्य. डॅरो श्रीमंत झाला. मॅगी 1948 साली गेली, तेव्हा जगभर ‘मोनॉपली’ डॅरोच्या नावावर खपत होता. हे वाचताना आजही चीड येते. राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाने 1973 साली ‘अँटी-मोनॉपली’ हा खेळ काढला, त्यावरून कंपनीशी खटला उभा राहिला, आणि आपली बाजू मांडण्यासाठी त्याने जुने पट धुंडाळले, तेव्हा कुठे तिचं नाव वर आलं.

आपल्याकडे शहरांची नावं घालून ‘बिझनेस’, ‘व्यापार’, ‘नवा व्यापार’ असे संच निघाले. त्यांचंही मूळ हेच, आणि दुसरी नियमावली त्यांच्या डब्यातही आली नाही. पण तिच्यातला प्रश्न मराठवाड्याने खऱ्या जमिनीवर हाताळलेला आहे. 1949 साली हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या गेल्या. 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला आणि संरक्षित कुळाला जमिनीवर हक्क मिळाला. खंड किती घ्यायचा, कुणी घ्यायचा, कसणाऱ्याला जमीन मिळणार की नाही, यावर पूर्णेच्या आसपासच्या गावांत ओसरीवर वाद झाले, तालुक्याला खेटे घातले गेले.

मॅगीचा दुसरा डाव घरच्या व्यापाराच्या पटावर खेळता येतो, नवं काही विकत आणावं लागत नाही. मधे एक वाटी ठेवा आणि जागेचं भाडं तिच्यात टाका. वाटीत रेल्वेच्या किमतीएवढे पैसे जमले की ते रेल्वेच्या मालकाला देऊन कार्ड पटाच्या मधोमध ठेवा. त्यानंतर त्या घरावर कुणी कुणाला काही द्यायचं नाही. खेळणाऱ्यांत ज्याच्याकडे सगळ्यात कमी पैसे आहेत, त्याचे सुरुवातीच्या रकमेच्या दुप्पट झाले की डाव सगळ्यांनी जिंकला.